एक टिंग म्हणजे अर्ज घेतला

मित्रांनो, मी शाळा सुटल्याची घंटा नाही आणि दारावरचीही नाही. मी टेबलावरची एक जुनी घंटी आहे. पालथ्या वाटीएवढा माझा आकार, वर एक बटण. बटण दाबले की आतला इवलासा हातोडा माझ्या अंगावर आपटतो आणि मी एकदा वाजते. टिंग. यापलीकडे मला काही येत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण ज्या दीड तासाची गोष्ट मी सांगणार आहे, त्या दीड तासात मला तेवढेही करू दिले गेले नाही.

पितळेच्या पत्र्याचा गोल तुकडा साच्यात दाबून मला घडवले गेले. वर निकेलचा मुलामा चढला. कारखान्यातला तपासनीस प्रत्येक घंटी वाजवून कानाशी धरत असे. माझ्या पाळीला तो शेजारच्याला म्हणाला, "ही बोलते बघ चांगली." आयुष्यातले पहिले कौतुक ते. मग खोके, मालमोटार, दुकानाची फळी, आणि शेवटी एका महाविद्यालयाची प्रवेशखिडकी.

त्या खिडकीमागे एक कारकून बसत. मुले त्यांना खिडकीकाका म्हणत. बाहेर रांग असे, आत काका आणि मी. ते प्रत्येक अर्ज वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचायचे. सगळे बरोबर असले की शिक्का मारायचे आणि मला एकदा दाबायचे. एक टिंग म्हणजे अर्ज घेतला, पुढचा या. अर्ज परत करायचा असला तर मात्र ते मला हात लावत नसत. हळू आवाजात नुसते "पुढचे" म्हणत. रांगेतली मुले माझ्यावर कान लावून असत. "आज घंटी कमीच बोलतेय रे," असे कोणीतरी म्हणे आणि सगळे आपापले कागद पुन्हा चाळू लागत.

कधी कधी त्या रांगेत पिकल्या केसांचे लोक दिसत. एखादी परिचारिका, एखादा गवंडी. काका त्यांचाही अर्ज शेवटपर्यंत वाचत. मग म्हणत, "वय उलटलंय हो. नियमात बसत नाही." ती माणसे भांडत नसत. कागदाची घडी करत आणि निघून जात. त्यानंतर काका थोडा वेळ पुढचा अर्ज हातात नुसताच धरून बसत.

पुढे सगळे अर्ज संगणकावरून येऊ लागले. खिडकीला फळ्या ठोकल्या गेल्या. काका निवृत्त झाले तेव्हा कचेरीतल्या लोकांनी त्यांना शाल दिली आणि गंमत म्हणून मलाही कागदात गुंडाळून दिले. घरी आल्यावर मी कपाटावर पडून राहिले. वर्षे गेली. माझ्या हातोड्यावर धूळ बसली, मुलाम्याला डाग पडले. पाहुणा आला तरच काका मला खाली काढायचे आणि खिडकीच्या गोष्टी सांगायचे. मुलगा त्या गोष्टी पाठ असल्यासारखे ओठ हलवायचा.

मग काकांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणेही गेले. समजत मात्र सगळे होते. मला खाली काढण्याची कल्पना सूनबाईची. तिने माझा हातोडा तेलाने पुसला आणि मला त्यांच्या डाव्या हाताशी ठेवले.

"बाबा, एकदा वाजवलं तर पाणी. दोनदा वाजवलं तर लघवीचं भांडं. आणि उगाच कोणीतरी यावंसं वाटलं तर खुशाल कितीही वाजवा."

काकांनी मला लागोपाठ इतक्या वेळा वाजवले की मुलगा स्वयंपाकघरातून ओरडला, "बाबा, पहिल्याच दिवशी रिटायर कराल हो तिला!" त्या घरात मी पुन्हा कामाला लागले. मित्रांनो, इतका मान मला खिडकीतही नव्हता. खिडकीत मी कागदांसाठी वाजत होते. इथे एका माणसाची जीभ झाले होते.

सूनबाई एका पाळणाघरात काम करत असे. मुले तिला मावशी म्हणत. रडणारे मूल कोणाकडे राहिले नाही की तिच्याकडे यायचे. एका संध्याकाळी ती घरी येऊन पर्स न ठेवताच खुर्चीत बसली.

"पाळणाघराच्या ताई म्हणाल्या, पुढच्या वर्षीपासून पदवी पाहिजे. निदान पदवीला प्रवेश तरी घेतलेला पाहिजे. नाहीतर मला ठेवता यायचं नाही म्हणे."

"या वयात पदवी? अगं, कोण घेणार तुला?" नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. बोलण्यातही सरळ खटका दाबायची त्याला सवय होती. पण दोन दिवसांनी त्यानेच एक ऑनलाइन विद्यापीठ शोधून काढले, नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी चालवलेले. वडिलांच्या पलंगाशी बसून त्याने अटी मोठ्याने वाचल्या. शाळा पूर्ण केल्याचा दाखला हवा. ओळखपत्र हवे. तीन वर्षे काम केल्याचे पत्र हवे. वय पंचविशीच्या पुढे हवे, वरची मर्यादा नाही.

काकांचे बोट उठले. पुन्हा वाच, असे ते बोट म्हणत होते.

"वरची मर्यादा नाही, बाबा. खरंच. तुमच्या खिडकीतून परत गेलेली सगळी गर्दी आता इकडेच असणार."

तो हसत म्हणाला. काका हसले नाहीत.

कागद जमले तेव्हा सूनबाईने ते एका फळीवर लावून काकांसमोर धरले. त्यांचे डावे बोट वरून खाली फिरू लागले. पाळणाघराच्या पत्रावर ते थांबले. पत्रावर तारीखच नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने तारीख घालून आणली. बोट पुन्हा वरून खाली फिरले आणि मग काकांनी मला एकदा दाबले. सूनबाई पाण्याचा पेला घेऊन धावली. नवरा पोट धरून हसत सुटला.

"पाणी नाही गं! अर्ज घेतला तुझा! तुझा प्रवेश इथे झाला, आता तिकडचं बघ."

काकांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसत होती. त्या घरातला माझा सर्वांत सुखाचा दिवस तो.

शेवटची अट उरली होती. दीड तासाची पात्रता चाचणी. ती घरी बसूनच द्यायची, पण लॅपटॉपचा कॅमेरा चालू ठेवून. खोलीत दुसरे कोणी नको. टेबलावर लॅपटॉपशिवाय काही नको. खुर्ची सोडली की चाचणी रद्द. बाहेरचा आवाज आला की सूचना, आणि तिसऱ्या सूचनेला चाचणी रद्द. रद्द झाली तर पुन्हा पुढच्या वर्षी. सूनबाईकडे पुढचे वर्ष नव्हते.

सरावाच्या दिवशी मी वाजले. काकांना पाणी हवे होते. लॅपटॉपमधून एक गोड आवाज आला, "बाहेरचा आवाज. पहिली सूचना." नवरा म्हणाला, "परीक्षेच्या दिवशी मी सुट्टी टाकतो. बाबांपाशी बसतो. घंटीची गरजच नाही."

तो खरेच बसला. त्याने वडिलांची दाढी केली, उशी नीट केली, वर्तमानपत्र उघडले. चाचणी सुरू व्हायला थोडाच वेळ होता आणि त्याचा फोन वाजला. एका इमारतीत लिफ्ट मध्येच अडकली होती. आत तीन माणसे होती, त्यांतली एक दम्याची. दुसरा कारागीर शहराच्या दुसऱ्या टोकाला होता.

"जा," सूनबाई म्हणाली.

"अगं, पण बाबा—"

"जा म्हणते ना. दम्याचं माणूस आहे आत."

तो जिन्यावरून ओरडला, "लगेच येतो!" सूनबाईने शेजारचे दार वाजवले. त्याला कुलूप होते. ती काकांच्या खोलीत आली. त्यांना पाणी पाजले, भांडे दिले, पांघरूण सारखे केले. मग ती माझ्याकडे बघत राहिली. काका तिच्याकडे बघत होते.

"बाबा, थोडाच वेळ हं," ती म्हणाली आणि तिने मला उचलले.

काकांचा हात माझ्यामागे चादरीवर थोडा सरकला आणि थांबला.

तिने मला बाळाच्या दुपट्यात गुंडाळले. पाळणाघरातून धुवायला आणलेले मऊ दुपटे होते ते. टेबल रिकामे हवे म्हणून तिने मला टेबलाच्या खणात ठेवले आणि खण लावला. आता ती माझ्या वर बसली होती, मी तिच्या गुडघ्यांशी होते आणि काका भिंतीपलीकडे.

कळांची टकटक सुरू झाली. ती भरभर लिहीत होती. बराच वेळ सगळे ठीक चालले होते. मग भिंतीवर आवाज झाला. ठक ठक. मोकळ्या हाताची बोटे भिंतीवर आपटल्यासारखा.

दोनदा. मित्रांनो, दोनदा म्हणजे काय ते त्या घरात मला ठाऊक होते आणि तिलाही. वर कळांची टकटक थांबली.

"बाहेरचा आवाज. पहिली सूचना," लॅपटॉप म्हणाला. भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात म्हणाला.

मी खणात वाट बघत होते. खुर्ची करकरेल, ती उठेल, असे मला वाटत होते. तिने उठावे असे मला वाटत होते आणि उठू नये असेही वाटत होते. खुर्ची करकरली नाही. थोड्या वेळाने एक कळ वाजली. मग दुसरी. भिंतीवर पुन्हा काहीच वाजले नाही. दुसरी सूचना आली नाही.

चाचणी संपताच ती उठली तेव्हा खुर्ची मागे पडली. खण उघडण्याचे भान तिला नव्हते. पुढचे मी फक्त ऐकले. दार ढकलल्याचा आवाज. मग तिचा आवाज, अगदी लहान झालेला.

"बाबा, हात असा का दाबून ठेवलाय? काढा तो. काढा ना."

संध्याकाळी तिने मला खणातून काढून पुन्हा पलंगाशी ठेवले तेव्हा मला उरलेले कळले. चादर, गादी, सगळे ओले झाले होते. काका त्यात गार पडून थरथरत होते. आणि आपला चांगला हात त्यांनी स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवला होता, पुन्हा भिंतीवर जाऊ नये म्हणून. बोटांवर चादरीच्या सुरकुत्यांचे वळ उठले होते.

नवरा आला तेव्हा गादी गॅलरीत वाळत होती. तो दारातच थबकला.

"निघालीत माणसं?" तिने विचारले.

"हो. तिघंही. पण अगं, मी—"

"मग झालं."

त्याने बूट काढले आणि गादीची दुसरी बाजू उन्हाकडे फिरवली. ऊन केव्हाच गेले होते.

काही दिवसांनी निकाल आला. पात्र. आठवडाभरात एक बटण दाबून प्रवेश नक्की करायचा होता. सूनबाईने लॅपटॉप मिटून ठेवला तो उघडलाच नाही. मी एकदा वाजले की ती दोनदा वाजल्यासारखी धावत येई. रात्री नवऱ्याने विचारले तेव्हा ती म्हणाली, "मी ऐकलं होतं. कळलंही होतं. तरी बसून राहिले. त्या मार्कांवर नको मला प्रवेश."

"चूक माझी आहे गं. मी जायला नको होतं."

"तुमची तुम्ही बघा. माझी वाटून घेऊ नका."

शेवटच्या दिवशी ती काकांना भरवत होती. घास संपले, तोंड पुसून झाले. काकांनी मला एकदा दाबले. तिने पेला ओठांशी नेला. त्यांनी तोंड फिरवले. पुन्हा एकदा दाबले. टिंग.

"पाणी नको? मग काय हवंय, बाबा?"

काकांचे डावे बोट उठले. कोपऱ्यातल्या मिटलेल्या लॅपटॉपकडे वळले. मग ते बोट हवेत वरून खाली फिरले, अर्ज वाचत असल्यासारखे अगदी सावकाश, कुठेही न थांबता. आणि ते माझ्यावर आले.

टिंग.

सूनबाईच्या हातात पेला तसाच होता. मग तिने पेला ठेवला, लॅपटॉप पलंगावर आणून काकांसमोर उघडला आणि त्यांच्या देखत ते बटण दाबले. "बाबा, माझं चुकलं हो," ती म्हणाली. काकांनी त्याचे उत्तर दिले नाही. देता आले असते तर दिले असते का, ते मला माहीत नाही.

आता ती दार उघडे ठेवून अभ्यास करते. पाळणाघरातली तिची जागा राहिली आहे. परीक्षा असली की शेजारीण काकांपाशी येऊन बसते आणि नवरा फोन बंद ठेवतो. मी काकांच्या हाताशीच असते. तरीही त्या वेळात काका मला हात लावत नाहीत. शेजारीण म्हणते, "काही हवं असलं तर वाजवा की हो." ते डोळे मिटून पडतात आणि चांगला हात मांडीखाली सरकवतात. प्रवेशाच्या दिवशी मी वाजले, याचे कौतुक या घरात अजून होते. मला मात्र तो सरकणारा हात दिसतो आणि दुपट्यातला अंधार आठवतो.

म्हणून मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. मला घासूनपुसून चकचकीत ठेवले नाही तरी चालेल. मुलामा पार उडाला तरी मी वाजते. तुमच्या घरात कोणी अंथरुणावर असेल आणि तुम्हाला काही फार महत्त्वाचे काम असेल, तर ते काम जरूर करा. मात्र तेवढ्या वेळापुरतेसुद्धा मला त्यांच्या हातापासून दूर नेऊ नका. मी वाजले तर तुम्ही उठालच असे नाही. पण वाजवायचे की नाही, हे त्यांना ठरवू द्या.