बिनखर्चाचं बक्षीस

लोणावळ्याला मास्तरांचं संमेलन भरलं होतं. तिथे एका विद्वान पाहुण्यांनी आम्हाला सांगितलं की छडी टाका, मुलांना बक्षिसं द्या, आणि बक्षिसाला खर्च येत नाही. स्वतः ते भाड्याच्या मोटारीने आले होते आणि जाताना नारळ, शाल घेऊन गेले. मी तेव्हा मळवलीच्या पलीकडे डोंगराकडेच्या एका गावात लोकल बोर्डाच्या शाळेवर एकटा, हंगामी मास्तर होतो. सन छत्तीसची गोष्ट. खर्च येत नाही, एवढंच मला नेमकं ऐकू आलं.

पहिली सुरुवात शाबासकीने केली. महिपतीने कविता न चुकता म्हटली म्हणून त्याच्या पाठीवर थाप द्यायला हात उचलला, तर पोरगं उडी मारून दाराबाहेर. आधीच्या मास्तरांनी तसंच शिकवलं होतं, त्याचा काय दोष! मग चिंचा वाटून पाहिल्या. ज्या गावात अकरा चिंचेची झाडं आहेत तिथे ही अक्कल मलाच सुचू जाणे. दुसऱ्या दिवशी मुलांनीच माझ्यासाठी ओंजळभर चिंचा आणल्या. मास्तरांचे खायचे वांधे आहेत असा त्यांचा समज झाला होता, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता.

शेवटी नियम केला: जो बरोबर उत्तर देईल, त्याने तासभर आधी घरी जायचं. आठवडाभर शाळा नुसती पेटली. मी स्वतःवर बेहद्द खूश.

मग आषाढ लागला, भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सुरू झाली, आणि माझा वर्ग एकाएकी ठोंब्या झाला. गेणूची धोंडा तर शाळेतली सर्वांत हुशार पोर. औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, ती झोपेतही म्हणाली असती. तीसुद्धा आठ औट किती म्हटल्यावर छताकडे बघायला लागली. मी चिडलो, ओरडलो, घसा बसवून घेतला. दिपोटीसाहेबांची, म्हणजे शाळाखात्याच्या डेप्युटी इन्स्पेक्टरांची, तपासणी चार दिवसांवर आली होती. शेरा चांगला पडला तर मी कायम होणार होतो. परंदवडीचे एक गृहस्थ मला मुलगी द्यायला तयार होते, पण कायम झाल्यावर.

बांधावर धोंडाची आई सरुबाई भेटली. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर इरलं.

"मास्तर, माजी पोर ढ झाली का वो?" तिने विचारलं. "आदी लवकर घरी यायची. आता येत न्हाई. आवणीला यक हात कमी पडतोय. जरा नीट शिकवा की तिला."

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. घरी लवकर जायचं म्हणजे भर पावसात वाकून रोपं लावायची. त्यापेक्षा कोरड्या जमिनीवर बसून मास्तरांच्या शिव्या खाणं केव्हाही बरं. मी नियम उलटा केला: जो चुकेल तो आधी घरी जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्या वर्गाची बुद्धी परत आली.

दिपोटीसाहेब आले ते वहाणा हातात घेऊनच. त्यांनी विचारलं आणि मुलांनी सांगितलं, असं तासभर चाललं. नद्या, तालुके, पाढे, एकही उत्तर चुकलं नाही. साहेबांनी शेवटी धोंडाला विचारलं, "आठ औट?"

"अठ्ठावीस."

साहेबांनी शेरेबुक ओढलं. 'शाळा उत्तम' एवढं लिहिलेलं मी मान लांबवून वाचलं. सही करायच्या आधी त्यांनी मायेने वर पाहिलं. "मुलांनो, मी तुमच्यावर खूश आहे. तुम्हाला आठ दिवस सुट्टी!"

साहेबही बहुधा त्याच संमेलनाला गेले असावेत.

एकही मूल हललं नाही. मग धोंडा उठली.

"सायेब, माजं चुकलं. आठ औट तीस."

महिपती उठला. "माजं बी चुकलं. इंद्रायणी सातारला हाय."

मी खोकलो, डोळे वटारले. कोण बघतंय! एकेक जण उठून आपलं उत्तर परत घेत होता.

साहेब माझ्याकडे वळले. "हे काय आहे, मास्तर?"

खरं सांगितलं असतं तर साहेब हसले असते, शेरा राहिला असता, मी कायम झालो असतो. सुट्टीही राहिली असती. मी तोंड उघडलं. धोंडा माझ्याकडे बघत होती. हात जोडले नव्हते तिने, पण बघणं तसंच होतं. मला परंदवडी आठवली, आणि मी तोंड मिटलं.

"पाठांतर कच्चं आहे, साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी 'उत्तम' खोडलं, दुसरं काहीतरी लांबलचक लिहिलं, आणि सुट्टी रद्द केली. दिवाळीनंतर माझ्या जागी दुसरे मास्तर आले.

पण त्या दिवशी साहेबांची छत्री बांधाआड गेली. मग धोंडा पुन्हा उभी राहिली.

"मास्तर, आठ औट अठ्ठावीस."

माझ्याकडे तिला द्यायला काहीसुद्धा नव्हतं.

"बरोबर," मी म्हटलं. "बस खाली."

आणि ती बसली.