जाणाऱ्याचा शर्ट

पहिली लाथ बादलीला बसली, दुसरी थोरल्याच्या मांडीला. तिसरीची वाट न बघता तो उठला.

"मार, अजून मार," तो म्हशीला म्हणाला. "घरात मला विचारतंय कोण? तू तरी कशाला विचारशील."

या म्हशीला सगळी आळी बाईसाहेब म्हणायची. पहिल्या वेतापासून बाईसाहेब एकाच हाताला दूध देत आल्या होत्या आणि तो हात होता धाकट्याचा. धाकटा कासेला बसला की पान्हा फुटायचा. दुसरं कुणी बसलं की बाईसाहेब दूध चोरून भिंतीकडे बघत उभ्या राहायच्या, जशी काही भिंतीवर नोटीस लावलीय.

आता धाकटा परदेशी निघाला होता, तीन वर्षांसाठी. तिकडच्या एका अवाढव्य गोठ्यावर कामाला. चारशे गाई, आणि धार काढायला यंत्र. निघायला चार दिवस उरले होते. तेवढ्यात थोरल्याच्या हाताची सवय लागली नाही तर म्हैस विकून टाकायची, असं आईने सांगून ठेवलं होतं. म्हैस गेली असती त्याचं एवढं नाही, पण 'थोरल्याला जमलं नाही' हे घरात कायमचं राहिलं असतं.

खरं म्हणजे मुलाखतीला दोघंही गेले होते. ही गोष्ट कुणाला सांगायची नाही असं थोरल्याने ठरवलं होतं, त्यामुळे ती सगळ्यांना ठाऊक होती. धाकट्याला धार काढायला शिकवलं ते थोरल्यानेच. साहेबाने थोरल्याचे हात उलटसुलट करून बघितले आणि म्हणाला, हात फार चांगले आहेत, पण आमच्याकडे हाताचं काम नाही, बटणं दाबायची असतात. धाकट्याला बटणं दाबता येत होती.

तेव्हापासून घरातली पाठ टेकायची एकुलती एक खुर्ची धाकट्याची झाली. बाहेर गरम वारा सुटलेला, नांगरल्या रानातली माती घराघरांत शिरत होती आणि तिच्या मागोमाग माणसं. न्हावी आपणहून घरी आला आणि धाकट्याचे केस कापून गेला. याच न्हाव्याने गेल्या महिन्यात थोरल्याला दुकानात दीड तास ताटकळत ठेवलं होतं. निवृत्त मास्तर आले. धाकट्याला वर्गाबाहेर उभं करण्यात ज्यांची हयात गेली ते मास्तर म्हणाले, "पोरात चमक होती. मला तेव्हाच दिसली होती."

"म्हणून बाहेर उजेडात ठेवायचात का?" थोरल्याने विचारलं.

मास्तरांनी ऐकलं नाही. "जरा पाणी आण बरं," ते म्हणाले.

थोरल्याने पाणी आणलं. चार दिवसांत त्याने निदान शंभर पेले पाणी आणलं असेल.

आईने उपाय सांगितला. "त्याचा गोठ्यातला शर्ट घालून बस. वासाला फसेल म्हैस."

"म्हैस फसेल. मी नाही फसणार."

"शर्टच तर घालायचाय," त्याची बायको म्हणाली. "त्यात तुमचं जातंय काय?"

"जातंय."

"पण काय?"

ते त्याला सांगता येईना, म्हणून तो वैरण आणायला गेला.

तिसऱ्या दिवशी पहाटे, कुणी उठायच्या आत, त्याने खुंटीवरचा शर्ट काढला. कोपरावर ठिगळ, खिशाला शेण. बाईसाहेबांनी कॉलर हुंगली, सुस्कारा सोडला आणि पान्हा घातला. धारा घुमायला लागल्या, फेस काठाला आला. जसजशी बादली भरत गेली तसतसा थोरल्याचा चेहरा उतरत गेला.

आई दारात उभी होती. "बघ," ती कौतुकाने म्हणाली, "त्याच्या शर्टालासुद्धा हात आहे."

जायचा दिवस उजाडला. जीप दाराशी लागली. धाकटा नव्या कपड्यांत, त्यावर मित्रांनी अत्तराची अर्धी बाटली रिकामी केलेली. तो आईच्या गळ्यात पडला, वहिनीशी बोलला, मास्तरांशी बोलला, न्हाव्याशीसुद्धा बोलला. थोरला सकाळची धार आटपून, तोच शर्ट अंगात, गोठ्यात शेण ओढत होता. आपण होऊन पुढे जायचं नाही, हे त्याने दोन दिवस आधीच ठरवलं होतं.

धाकटा गोठ्यात आला, पण आला तो सरळ म्हशीकडे. कपाळ खाजवायला हात पुढे केला. बाईसाहेब फुरफुरल्या, दावं ताणून मागे सरल्या आणि शिंग उगारलं.

थोरल्याच्या जिवाला गार वाटलं.

"ही मला ओळखत नाहीये," धाकटा म्हणाला.

"अत्तर लावलंयस. मलाही ओळखू येत नाहीयेस."

धाकटा पालथ्या बादलीवर बसला. चार दिवस खुर्चीत हसत असलेला तो पोरगा एकदम लहान दिसायला लागला. थोड्या वेळाने म्हणाला, "दादा, तो शर्ट दे ना जरा. दोनच मिनिटं."

चार दिवस सगळं गाव याला देत होतं. आता अंगातलंही काढून द्यायचं. थोरल्याने बटणं सोडली. एक जरा जास्त ओढलं गेलं आणि तुटलं.

"घे. तुझाच आहे."

धाकट्याने नवा शर्ट काढून त्याच्या हातात दिला, जुना चढवला. बाईसाहेबांनी लगेच त्याच्या काखेत तोंड खुपसलं. तो तिच्या कानाशी बोलायला लागला. थोरला वैरणीकडे बघत ऐकत होता.

"दादाला लाथ मारू नको. माझ्यापेक्षा त्याचा हात हलका आहे. मी त्याच्याकडूनच शिकलो."

तेवढ्यात जीपचा भोंगा वाजला, मग वाजतच राहिला. "गाडी चुकेल," असं कुणीतरी ओरडलं, चार हातांनी धाकट्याला ओढत नेलं, बॅग मागून फेकली आणि जीप मातीच्या लोटात दिसेनाशी झाली.

थोरला फाटकात उघडाच उभा. हातात झुळझुळीत शर्ट.

"अरे, हा त्याचा नवा शर्ट ना?" आई डोळे पुसता पुसता थांबली. "मग तो काय घालून गेला?"

थोरला चार दिवसांत पहिल्यांदा हसला. संध्याकाळची धार आठवेपर्यंत हसत होता.

संध्याकाळी तो उघड्या अंगानेच कासेला बसला. बाईसाहेबांनी त्याला हुंगलं आणि दाराकडे बघितलं.

"येत नाही तो," थोरला म्हणाला.

बाईसाहेब बघतच राहिल्या. मग थोरल्याने हात आवरला आणि तो बोलायला लागला. खुर्चीचं बोलला, न्हाव्याचं बोलला, शंभर पेल्यांचं बोलला, बटणांचं तर दोनदा बोलला.

"तुझं बरं आहे," तो म्हणाला. "तुझा निरोप तरी घेतला. मास्तरांचा घेतला, न्हाव्याचा घेतला. मला 'येतो' म्हणायचं राहिलंच."

त्याने तिच्या कुशीला कपाळ टेकलं. हात नकळत सडांवर गेले. बाईसाहेबांनी पाय उचलला, जरा वेळ तसाच धरला आणि खाली ठेवला. बादलीत एक धार वाजली. मग आणखी एक.

बायको फोन घेऊन आली. विमानतळावरून धाकटा होता.

"दादा, गडबडीत तुझा निरोप घ्यायचाच राहिला."

"हं."

"आणि शर्ट माझ्या अंगावरच आलाय. इथे माणसं दोन-दोन खुर्च्या सोडून बसतायत."

"बरंय. पाय पसरायला जागा मिळेल."

दोघंही हसले.

"बाईसाहेबांनी दूध दिलं?"

थोरल्याने खाली बघितलं. बादलीचा तळ जेमतेम झाकला होता.

"बादली भरली," तो म्हणाला. "दुसरी मागवलीय."

"शर्टाशिवाय?"

"शर्टाशिवाय."

"बरं झालं," धाकटा म्हणाला.

त्या 'बरं झालं'मध्ये बारीकशी जळजळ होती. थोरल्याला ती बरोबर ऐकू आली. गेले चार दिवस त्याने दुसरं केलं तरी काय होतं.

"नीट जा," तो अगदी मायेने म्हणाला, फोन बायकोकडे दिला आणि बादली पुन्हा कासेखाली सरकवली.