घोडा उतरला ती जागा

मार्गशीर्षातल्या एका सकाळी तातेराव हिंगोलीच्या स्टेशनात उतरला. खांद्याला कॅमेरा, काखेत वळकटी. निजामाचं राज्य जाऊन तीन महिने होत आले होते. पाट्यांवरचं उर्दू अजून तसंच होतं, पाट्यांखाली बसणारी माणसं मात्र बदलली होती.

तो कंपनीच्या कामाला आला होता. सतरा वर्षांपूर्वी कोल्हापूरची एक फिल्म कंपनी इथं मुका चित्रपट काढायला आली होती. तातेराव तेव्हा विशीतला, कुरुंद्याच्या शेतकरी घरातला, शिकायला म्हणून हिंगोलीत राहिलेला. कंपनीच्या पेट्या उचलता उचलता त्याला कॅमेऱ्याचं असं वेड लागलं की कंपनी निघाली तेव्हा तोही तिच्याबरोबर निघून गेला. पुढं त्या चित्रपटाची रिळं गोदामाला लागलेल्या आगीत जळाली. आता मालकाच्या मनात आलं होतं की तीच गोष्ट पुन्हा बोलपट म्हणून काढावी, आणि जमलं तर त्याच जागांवर. "तू तिथलाच आहेस," मालक म्हणाला होता. "जा, जागा शोध, फोटो काढून आण."

त्या चित्रपटात वेशीतून नायिकेची पालखी गेली होती. ती वेस आता नव्हतीच. फौजेच्या गाड्यांना अडचण होते म्हणून पाडली, असं कुणीतरी सांगितलं. बाजारातली निम्मी दुकानं बंद होती. काहींच्या कुलपांवर लाख लावलेली होती. नायिका ज्या बारवेच्या पायऱ्या उतरली, ती बारव मातीनं भरली होती आणि त्या मातीवर कुणी पाय देत नव्हतं. बाया डोक्यावर हंडे घेऊन लांबच्या आडावर चालल्या होत्या. तातेरावनं एकीला विचारलं, तर ती पदर ओढून पुढं निघून गेली.

त्याला खरी ओढ होती ती घोडेवाल्यांच्या घराची. छावणीला घोडे पुरवणाऱ्या व्यापाऱ्याचं दुमजली घर, पुढं कोरीव सज्जा, पितळी फुलांचं दार. त्या घरातला मुनीर तातेरावचा जिवाभावाचा दोस्त. कंपनीच्या मालकाला घर दाखवायला मुनीरनंच नेलं होतं. बाप कडक होता. घराच्या बाहेरून काय ते चित्र काढा म्हणाला, पण माझ्या पोरानं तोंडाला रंग फासलेला मला चालणार नाही, असंही त्यानं बजावलं. आणि नेमका चित्रपटाचा नायक घोड्याला घाबरायचा! मग बापाच्या चोरून मुनीरनंच नायकाचे कपडे चढवले आणि कयाधूच्या वळणावर, उंच दरडीवरून, घोडा खाली पाण्यात घातला.

तातेराव घरासमोर आला आणि उभाच राहिला. चार भिंती होत्या. सज्जा नव्हता, छप्पर नव्हतं, दारही नव्हतं. दाराच्या जागी भगदाड होतं आणि त्यातून आत उगवलेली एरंडाची झाडं दिसत होती. त्यानं सवयीनं कॅमेरा काढला, डोळ्याला लावला, आणि पुन्हा पेटीत ठेवला.

समोर चहावाला होता. "इथले मुनीरमियां कुठं असतात?" तातेरावनं विचारलं.

चहावाल्यानं हातातला पेला पुसला. पुन्हा पुसला. "तुमी कोण?"

"मी कुरुंद्याचा. संतरामचा धाकटा भाऊ."

"मंग मला काहून इचारून राहिले?" चहावाला पाठ फिरवत म्हणाला. "भावालाच इचारा की."

दुपारच्या गाडीनं तो वसमतला उतरला आणि दिवस कलताना बैलगाडीनं कुरुंद्याला पोचला. संतरामनं भावाला मिठी मारली. गोजरवहिनीनं पायावर पाणी घातलं. सगळं रीतीप्रमाणं झालं. पण हात पुसता पुसता तातेरावची नजर अंगणापलीकडच्या नव्या खोलीवर गेली. मातीच्या भिंतीत बसवलेलं ते दार होतं. पितळी फुलं घासून लखलखीत केलेली.

"दादा, हे दार कुठून आणलं?"

संतरामनं पाण्याचा तांब्या उचलून ठेवला. मग म्हणाला, "आणलं. समदेच नेत व्हते. मी न्हाई नेलं असतं तर दुसऱ्यानं नेलं असतं."

"मुनीर कुठाय?"

"मी त्याला हात न्हाई लावला."

"मी तसं विचारलंच नाही."

"बारवेपाशी गाठलं त्याला," संतराम खाली बघत म्हणाला. "हिंदुस्थानची फौज आली त्याच हप्त्यात. त्याला आन् आणखी चौघांना. बारव मंग बुजवून टाकली लोकांनी. मी तिथं नव्हतो, तात्या. देवाशपथ नव्हतो. मी घराकडं होतो. दार काढून राहिलो होतो."

तातेराव दाराच्या पितळी फुलांकडं बघत राहिला. ते बघून संतराम उसळला. "तू तिकडं कोल्हापुरात चित्रं काढत बसला! तुला काय ठावं? वैशाखात रझाकार आले, आपली कडब्याची गंज पेटवली. हिच्या हातातल्या पाटल्या निघत नव्हत्या म्हणून मनगट पिरगाळलं. बघ, अजून वाकडं हाय. आमी काय गुमान बसायचं?"

"मुनीर होता का त्यांच्यात?"

"न्हाई."

"मग?"

"मंग काय..." संतराम म्हणाला. गोजरबाईनं पदराखाली मनगट झाकून घेतलं. तव्यावरची भाकर करपली ती कुणाच्याच लक्षात आली नाही.

सकाळी तातेराव न सांगताच निघाला. गावाबाहेर आला तोच मागून वहिनीची हाक आली. ती धापा टाकत जवळ आली. "भावजी, थांबा. त्याची माय जित्ती हाय. हलीमाबी. साखऱ्याच्या वाटंला तांडा हाय ना, धर्मसिंगाचा, तिथं. बाजारात तांड्याच्या बाया येतात, त्यांच्याकडून कळलं मला. ह्यांना न्हाई सांगितलं." ती थोडी घुटमळली. "तिला... तिला इचारा, दार पायजे का तिला. मी ह्यांच्याशी भांडून पाठवते."

हिंगोलीहून एका गाडीवानाला गाठून तातेराव तांड्यावर पोचला. त्याला पाहताच धर्मसिंग हातात काठी घेऊन झोपडीच्या दारात आडवा उभा राहिला. "इथं कोणी न्हाई," तो काही विचारायच्या आधीच म्हणाला.

"मी मुनीरचा दोस्त," तातेराव म्हणाला. "शिनेमावाल्यांबरोबर गेलो होतो तो."

धर्मसिंगाच्या मागून त्याची बायको पुढं आली. जिवनबाई तिचं नाव. तिनं तातेरावला निरखून पाहिलं. "अहो, ह्यो तर पेट्यावाला! व्हय का न्हाई? आमचा तांडा नदीवर उतरला व्हता तवा. तुमच्या शिनेमात घागर भरली ना मी, डोक्यावर घेऊन चढले ना मी! चार आणे दिले व्हते तुमच्या मालकानं."

मग तिनं आतून एका म्हातारीला हात धरून आणलं. अंगावर लमाणी घागरा, आरशांची ओढणी, हातांत हाडाच्या बांगड्या. तातेरावनं तिला ओळखलं नाही. सणासुदीला पडद्याआडून शिरखुर्म्याची वाटी पुढं करणारा हात तेवढा त्यानं पाहिला होता.

दोन दिवस उन्हातान्हात चालत ती तांड्यावर आली होती, जिवनबाईनं सांगितलं. तिच्या नवऱ्याचा आणि तांड्याचा जनावरांचा जुना व्यवहार होता, तेवढ्या ओळखीवर. माणसं हुडकत आली तेव्हा जिवनबाईनं तिला आपले कपडे घातले, आणि ही माझी मुकी सासू आहे असं सांगितलं. म्हातारी महिनाभर मुकीच राहिली. भीती सरली तरी तिच्या तोंडून आवाज निघेना. एके दिवशी चूल फुंकता फुंकता जिवनबाईनं जुन्या शिनेमाची गोष्ट काढली, तुमच्या पोरानं घोडा कसा घातला ते सांगितलं, तेव्हा म्हातारीनं पहिला शब्द काढला. "कधी?"

कारण तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बापाच्या भीतीनं मुनीरनं घरात कधी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं.

"बेटा," हलीमाबी तातेरावला म्हणाली, "ते चित्र मला दाखवतोस?"

चित्रपट जळाला, हे तातेरावनं तिला सांगितलं. तिनं मान हलवली, जणू तिला तेच अपेक्षित होतं. मग त्यानं दाराचं सांगितलं. वहिनी पाठवते म्हणाली, हेही सांगितलं.

"दार घेऊन काय करू? घर कुठंय?" म्हातारी म्हणाली. "राहू दे तिथंच. पण त्यांना सांग, त्या दाराची आतली कडी बराबर बसत न्हाई. त्या दिवशी बी बसली न्हाई."

तिनं ओढणी डोक्यावरून सारखी केली. मग तीच म्हणाली, "तसबीर न्हाई तर न्हाई. जागा तर असंल? जिथं माझा मुनीर घोड्यावर बसला, ती जागा दाखव."

दुसऱ्या दिवशी धर्मसिंगानं गाडी जुंपली. हलीमाबी, जिवनबाई आणि तातेराव कयाधूच्या त्या वळणावर आले. तातेराव गाडीतून उडी मारून पुढं धावला, आणि मग इकडून तिकडं फिरतच राहिला. मधल्या वर्षांत नदीनं काठ खाल्ला होता. जिथं उंच दरड होती तिथं उतार झाला होता. कॅमेरा ज्या चिंचेच्या सावलीत लावला होता ती चिंच तोडून नेलेली होती, आणि तिचं खोडही सापडेना. पाणीसुद्धा पलीकडच्या काठाला सरकलं होतं. कॅमेऱ्यामागं सतरा वर्षं काढलेल्या माणसाला एक जागा ओळखता येऊ नये! गाडीत बसलेली म्हातारी एकटक त्याच्याकडं बघत होती.

"इथं," शेवटी तो एका उंचवट्याकडं बोट करून म्हणाला. खात्री नव्हती. पण म्हातारीला किती वेळ ताटकळत ठेवायचं?

"इथं कुठं?" जिवनबाई म्हणाली. "तिकडं, त्या खडकापाशी. मी घागर घेऊन चढले तवा घोडा माझ्या उजव्या अंगानं गेला."

"खडकापाशी पालखीचं चित्र काढलं होतं. घोड्याचं नव्हे."

"पालखी मी बघितलीच न्हाई. मला काय येडी समजता का?"

"अहो बाई, कॅमेऱ्यापाशी मी होतो!"

"आन् घोड्याखाली मी येणार व्हते!"

दोघांचे आवाज चढले. धर्मसिंग मध्ये पडायला आला. तेवढ्यात हलीमाबी स्वतःच गाडीतून उतरली, घागरा सावरत, वाळूतून, उंचवटा आणि खडक यांच्या मधोमध जाऊन बसली.

"भांडू नका," ती म्हणाली. "घोडा काय एका जाग्यावर उभा राहतो? इथून तिथवर गेलाच असंल कुठून तरी. मला सांगा, कसा गेला."

तातेराव तिच्याजवळ उकिडवा बसला. सांगू लागला. पहिल्या खेपेला घोडा दरडीवर अडला. दुसऱ्या खेपेला उतरला, पण मालकाला पाण्याचा उडालेला फवारा हवा होता तेवढा मिळाला नाही. तिसऱ्या खेपेला मुनीरनं टाच मारली आणि घोडा असा सुटला की खाली पाण्यात मुनीर आडवा पडला. सगळे ओरडले. तो उठला तो हसतच, खांदा धरून, आणि म्हणाला, आता मिळालं का तुमचं पाणी?

"खांदा?" हलीमाबीनं त्याचा हात घट्ट धरला. "कोणता? डावा?"

"डावाच."

"जिना!" म्हातारी म्हणाली. "जिन्यावरून पडलो म्हणाला व्हता मला! चार दिवस हळद लावली मी. त्याच्या अब्बांनी जिन्याची पायरी बदलून घेतली, सुताराला बोलावून! चांगली पायरी!" आणि ती हसायला लागली. तोंडावर ओढणी धरून, पुढं मागं डोलत हसली. जिवनबाईही हसली. मग त्या हसण्याचा सूर कधी पालटला ते कुणाला कळलं नाही. जिवनबाईनं तिला छातीशी धरलं, आणि म्हातारीनं तीन महिन्यांत पहिल्यांदाच पोराच्या नावानं हंबरडा फोडला. पाण्यावरचे बगळे उडाले. धर्मसिंग बैलांच्या पलीकडं जाऊन उभा राहिला.

तातेरावनं त्या दिवशी एकही फोटो काढला नाही. मालकाला काय सांगायचं ते त्यानं तिथंच ठरवलं, की जागा सापडली नाही. पुढं मालकानं कोल्हापूरजवळ दुसरी नदी शोधून बोलपट काढला. तातेराव त्या कामावर गेला नाही.

हलीमाबीची एक भाची नांदेडला होती. तिच्याकडं जायचं म्हातारीनं ठरवलं, आणि तातेराव पोचवायला निघाला. जिवनबाईनं घागरा परत घेतला नाही.

गाडीत गर्दी होती. तांड्यात महिनाभर मुकी राहिलेली म्हातारी आता बोलायची थांबेना. मुनीर लहानपणी काय खायचा, कोणत्या घोड्याला काय नाव होतं, कयाधूच्या पाण्यात तो कसा पडला. नाव घ्यायची तेव्हा आवाज दाबायची नाही. लोक माना वळवून बघत होते. तातेरावनं तिला हळू बोला म्हणून खुणावलं, तिनं लक्ष दिलं नाही. समोरच्या बाकावरचा एक मिशाळ माणूस केव्हापासून तिच्या लमाणी कपड्यांकडं आणि तोंडाकडं आळीपाळीनं बघत होता.

"ही म्हातारी कोणाचं सांगून राहिली?" त्यानं शेवटी विचारलं.

डब्यात आणखी चार-पाच जण कान देऊन होते. दारापर्यंत किती माणसं आहेत ते त्यानं पाहिलं.

"तिच्या लेकाचं," तो म्हणाला. "मुनीरचं. माझा दोस्त होता. हिंगोलीत मारला त्याला."

मिशाळ माणूस त्याच्याकडं बघत राहिला. मग त्यानं पाय आखडून घेतले आणि खिडकीबाहेर तोंड केलं. हलीमाबीनं तेवढ्या वेळात श्वास घेतला होता. ती पुन्हा सांगू लागली, आणि पूर्णेला गाडी बदलेपर्यंत तातेराव तिच्याजवळ बसून ऐकत राहिला.