चौथ्या मजल्यावरची हवा

मित्रांनो, मी धूळ मोजणारे एक जुने यंत्र आहे. आयुष्यभरात मी एकही खोटा आकडा सांगितला नाही. तरीही मला माझीच लाज वाटते, आणि ती का वाटते हे तुम्हाला सांगून टाकल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याची राखाडी पेटी, आत हवा ओढणारी मोटर, वर छपरासारखे झाकण आणि त्याखाली पांढऱ्या कागदाची गोल चकती ठेवायची जागा. काम अगदी सोपे. मोटर फिरली की मी हवा आत ओढायचो. हवा चकतीतून पार व्हायची आणि धूळ चकतीवर अडकून बसायची. चकतीचे वजन आधी करायचे, मग नंतर करायचे. जेवढे वाढले तेवढी धूळ. कारखान्यातल्या तपासनीस बाईंनी सलग आठ दिवस माझी परीक्षा घेतली आणि पाठीवर हिरवा शिक्का मारला. "याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवा," त्या म्हणाल्या. मी केवढा फुशारलो! डोळे झाकून विश्वास ठेवण्यात काय धोका असतो, हे तेव्हा मला कुठे ठाऊक होते?

तिथून मी एका शहराच्या नगरपालिकेत आलो. मला सांभाळायला एक तंत्रज्ञ नेमले होते. त्यांच्या खिशात सदानकदा नट आवळायचा पाना असे, म्हणून सगळे त्यांना पानेकाका म्हणत. मला बसवायचे कुठे, हे मात्र आरोग्य विभागाच्या साहेबांनी ठरवले.

"आपल्याच इमारतीच्या गच्चीवर बसवा. तिथं वीज आहे, दाराला कुलूप आहे. कोणी हात लावणार नाही."

पानेकाकांनी डोके खाजवले. "चौथ्या मजल्याच्या वर, साहेब? माणसं तर खाली असतात."

"हवा काय, इथून तिथून सारखीच. बसवून टाका."

पानेकाकांनी मान डोलावली आणि माझे चारही पाय गच्चीला पक्के केले.

तिथे मोकळा वारा होता, खाली बाग होती. माझी चकती दिवसभरानंतरही जवळजवळ कोरीच निघायची. इमारतीच्या दारावर रोज फळा लागे : 'आजची हवा : चांगली.' दर सोमवारी पानेकाका मला ओल्या फडक्याने पुसत. पाहुणे आले की साहेब त्यांना गच्चीवर आणत आणि माझ्यासोबत फोटो काढत. मला वाटायचे, शहर माझ्यामुळेच स्वच्छ आहे.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, मालगोदामांच्या वळणावर एक शाळा होती. पानेकाकांची धाकटी बहीण तिथे शिकवायची. सकाळी शाळा भरायच्या वेळीच गोदामाचे ट्रक फाटकासमोर रांग लावून उभे राहत. इंजिने चालूच. रस्त्याच्या कडेची माती उडायची, धूर निघायचा आणि त्यातून वाट काढत मुले आत जायची. बाईंनी एक वही केली होती. आज कोण खोकत आले, कोण आलेच नाही, हे त्या रोज लिहीत.

ती वही घेऊन त्या पालकांसह नगरपालिकेच्या बैठकीला आल्या. मागणी एवढीच होती, की शाळा भरताना आणि सुटताना ट्रक तिथे नकोत. त्या दिवशी साहेबांनी मला मुद्दाम खाली आणून सभागृहातल्या टेबलावर ठेवले होते.

"बाई, तुमची वही ठीक आहे," साहेब म्हणाले, "पण खोकला काय, पोरांना पाणी बदललं तरी होतो. हे यंत्र बघा. वर्षभराचे आकडे आहेत. हवा चांगली आहे."

"साहेब, एकदा येऊन त्या फाटकाशी उभे राहा."

"यंत्र काय खोटं बोलतं का?"

मला कोणी विचारले असते, "अरे, तू मोजलेस कुठे?" तर उत्तर एका शब्दाचे होते. पण आकड्यापलीकडे मला बोलता येत नव्हते. मागणी फेटाळली गेली.

बाहेर व्हरांड्यात बाईंनी भावाला गाठले. मी त्यांच्याच हातात होतो.

"दादा, तुला माहीत होतं ना हे कुठं बसवलंय ते?"

"नोकरी आहे गं माझी."

"आणि माझी काय आहे? माझ्या वर्गात बेचाळीस पोरं आहेत."

पानेकाकांनी मला पुन्हा गच्चीवर नेऊन बसवले. त्या दिवसापासून ते मला पुसताना माझ्याकडे पाहीनासे झाले.

असे दुसरे वर्षही सरत आले. बाईंच्या वर्गात एक मुलगी होती. एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. धावण्यात तिचा हात कोणी धरू शकत नव्हते. गच्चीवरच्या माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात तिचा श्वास असा अडकला, की तिला वर्गातूनच दवाखान्यात न्यावे लागले. ती महिनाभर तिथे होती. पानेकाकांनी हे मला गच्चीवर सांगितले. म्हणजे स्वतःशीच बोलले, पण ऐकायला मीच होतो. त्या संध्याकाळीही माझी चकती कोरी होती. मित्रांनो, पांढऱ्या कागदाकडे पाहून मान खाली घालावीशी मला कधी इतकी वाटली नव्हती.

त्यानंतर काही आठवड्यांनी विद्यापीठातून एक संशोधक ताई आल्या. मुलांचे आजार आणि हवा यांचा त्या अभ्यास करीत होत्या. जिना चढून त्या धापा टाकत गच्चीवर पोहोचल्या, माझ्याकडे पाहिले, मग कठड्यावरून वाकून खाली पाहिले.

"आकडे नीट आहेत, पण गोदामाकडची पोरं आजारी. माझा हिशेबच जुळेना," त्या म्हणाल्या. "ही जागा कोणी निवडली?"

पानेकाकांनी खिशातला पाना चाचपला. "जागा साहेबांनी सांगितली. पण नट मी आवळले."

ताई रागावल्या नाहीत. "मग तुम्हीच सैल करा," एवढेच म्हणाल्या.

परवानगीसाठी तीनदा पत्रे गेली. अखेर तीस दिवसांपुरता होकार आला. पानेकाकांनी मला हातगाडीवर घालून शाळेच्या फाटकाशी नेले. ताईंनी पहिलीतल्या मुलांना भिंतीशी उभे करून टेपने जमिनीपासून नाकापर्यंतची उंची मोजली आणि माझे तोंड बरोबर तेवढ्यावर येईल असे स्टूल शोधले. मोटर सुरू झाली. दोन तासांनी पानेकाकांनी चकती काढली, तर ती काजळ फासल्यासारखी! गच्चीवरच्यापेक्षा सातपट धूळ. पानेकाका ती चकती हातात धरून तिथेच खाली बसले. बहीण शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

ताईंनी माझे आकडे आणि बाईंची वही शेजारी शेजारी ठेवली. ज्या दिवशी धूळ जास्त, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गैरहजेरी जास्त. पुन्हा पुन्हा तेच. ताईंनी साठ पानांचा निबंध लिहिला आणि मोठ्या उत्साहाने बाईंना वाचायला दिला.

"ताई, हे मला चार वेळा वाचून कळलं," बाई म्हणाल्या. "साहेब एकदाही वाचणार नाहीत. एका पानावर लिहा. कुठं, किती, आणि त्यांनी करायचं काय."

ताई जरा हिरमुसल्या, पण बसल्या. ते एक पान लिहायला त्यांना साठ पानांपेक्षा जास्त त्रास झाला.

पुन्हा बैठक झाली, आणि मी पुन्हा टेबलावर होतो. साहेबांनी पान वाचले. मग माझ्याकडे बोट दाखवले. "म्हणजे हे दोन वर्षं खोटं बोलत होतं?"

"नाही साहेब," ताई म्हणाल्या, "ते खरंच सांगत होतं, पण गच्चीचं. आपण ते शाळेचं समजलो."

साहेबांनी लगेच काही कबूल केले नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच फाटकाशी आले. अर्धा तास उभे राहिले. दोनदा चष्मा पुसला, तिसऱ्यांदा खिशात ठेवून दिला. जाताना बाईंना म्हणाले, "तेव्हाच यायला हवं होतं." पंधरा दिवसांत हुकूम निघाला. शाळेच्या वेळी ट्रक मागच्या मैदानात थांबू लागले, रस्त्याची कड पक्की झाली. वर्षअखेरीस बाईंच्या वहीतल्या नोंदी निम्म्याहून कमी झाल्या.

भिंगरी शाळेत परतली, पण धावायला नाही. क्रीडादिनाला ती रेषेपाशी घड्याळ घेऊन उभी राहायची आणि दुसऱ्यांची वेळ मोजायची. अगदी अचूक मोजायची.

आता माझी मोटर बंद पडली आहे. त्याच शाळेच्या प्रयोगशाळेत मला ठेवले आहे आणि समोर एक पाटी लावली आहे : 'या यंत्राने आपल्या शाळेची हवा सुधारली.' नवी मुले ती मोठ्याने वाचतात, टाळ्याही वाजवतात, आणि मला माझ्या पेटीत तोंड लपवावेसे वाटते.

मित्रांनो, कोणी तुम्हाला आकडा दाखवला, तर तो कुठे उभे राहून मोजला हे नक्की विचारा. आणि जे खोकत आहेत त्यांना आधी विचारा. शिवाय माझे एक काम करा. तुमच्यापैकी ज्याचे अक्षर चांगले असेल, त्याने त्या पाटीवर खाली आणखी एक ओळ लिहावी : 'त्याआधी दोन वर्षे ते गच्चीवर होते.'