गडाच्या वाटेवरचा बाण

मी पत्र्याचा एक जुना बाण आहे, मित्रांनो. जंगलात डोंगर चढताना वाटेला दोन फाटे फुटतात, तिथे सागाच्या खांबावर मी ठोकलेला आहे. उजवी वाट गडाच्या दरवाजाशी जाते. डावी वाट कड्याशी जाऊन संपते.

लाखनीला ट्रकच्या मागे फुलं अन् नंबर रंगवणाऱ्या मुरारीने मला जुन्या पिंपाच्या पत्र्यातून कापलं. पिवळा रंग दिला, कोपऱ्यात सवयीने एक फूलही काढलं आणि 'गडाकडे' असं दोन्ही बाजूंनी लिहिलं. मागून येणाराही फसू नये म्हणून.

मग पुष्कळ वर्षं बरी गेली. सहलीची मुलं मला मोठ्याने वाचत. गावचे वाटाडे भय्याजी येताजाता खांद्यावरच्या दुपट्ट्याने माझी धूळ पुसत. मला तेव्हा फार मिरवावंसं वाटे.

पुढे रानडुकरं खांबाला पाठ घासू लागली. माती सुटली आणि एके दिवशी खांब फिरून माझं टोक कड्याकडे झालं. भय्याजींनी मला सरळ केलं, मी पुन्हा फिरलो.

"उद्या सब्बल आणून दगड ठोकतो," ते म्हणाले. सब्बल म्हणजे लोखंडी पहार. मग डाव्या वाटेवर पळसाची फांदी आडवी टाकून गेले. आमच्याकडे आडवी फांदी म्हणजे इकडे जाऊ नका. हे पोराटोरांनाही ठाऊक असतं.

उद्या अड्याळचा बाजार होता. भय्याजी बाजाराला गेले.

त्याच दिवशी रीता मॅडम आल्या. त्या लाखनीच्या शाळेत नुकत्याच बदलून आल्या होत्या. सहावीची चाळीस मुलं आणायची, तर वाट आधी आपण बघावी म्हणून एकट्याच आल्या. त्यांनी मला वाचलं. फांदी उचलून नीट कडेला ठेवली. मी त्यांना जाताना पाहत होतो. ओरडायला मला तोंड नाही.

दुपारी मॅडम कड्यावरून पडल्याचा निरोप गुराख्याने दिला, तेव्हा भय्याजी चार माणसं घेऊन धावत आले. मॅडमला खाटेवर घालून वर आणलं. पाय मांडीत मोडला होता.

"मॅडम, आडवी फांदी होती ना. काहून हटवली?"

"वाटेत पडलेली वाटली, दादा. मुलांना अडचण नको म्हणून उचलली. आणि बाण इकडेच होता."

 मी आतून पत्र्याचा पत्राच राहिलो. रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

मॅडम आता काठी घेऊन चालतात, असं येणारे सांगतात. लोकांनी येऊन माझे फोटो काढले, हळहळले, गेले. भय्याजी एकदाच आले, सब्बल घेऊन. माझ्या बुडाशी बराच वेळ बसले. "हात उचलत नाही गा," म्हणाले आणि सब्बल तशीच घेऊन उतरले. त्यानंतर ते गडावर आलेले नाहीत.

मुरारीचा रंग पक्का होता, अक्षरं अजून लांबून वाचता येतात. रविवारी माणसं येतात. मला कशाचंच काही वाटत नाही आता, फक्त ती मोजल्यासारखी बघतो.

मित्रांनो, मला नवा रंग नको. खांब फिरवून बुडाशी चार दगड ठोका, म्हणजे झालं. आणि ते होईपर्यंत एवढं करा, माझं ऐकू नका.