भाड्याच्या डब्यातली चाळीस मिनिटं

"आंटीजी, हाथ हटाओगे तभी तो तार निकालूँगा," ओमबीर म्हणाला.

वृंदाने हात हटवला नाही. टीव्हीखालच्या काळ्या डब्यावर तिचा उजवा तळवा सपाट ठेवलेला होता. डबा गार होता. गेली बारा वर्षं तो रात्रंदिवस कोमट असायचा. आतली चकती फिरत राहायची आणि हिवाळ्यात मांजर त्याच्यावर येऊन बसायचं. एक तारखेपासून मात्र तो गार पडला होता. टीव्ही लावला की पडद्यावर एकच ओळ यायची: आपका खाता बंद है.

ओमबीर केबल कंपनीचा माणूस होता. पंचेचाळिशीचा, अंगाने भक्कम. खांद्यावरच्या झोळीत असेच चार डबे आधीच गोळा केलेले. कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवणारे हे जुने डबे कंपनी बंद करत होती. ज्यांनी ते विकत घेतले होते त्यांच्याकडे ते राहणार होते, भाड्याचे परत जाणार होते. फरीदाबादच्या सेक्टर सोळामधला, दुसऱ्या मजल्यावरचा हा डबा भाड्याचा होता.

"अगं, दे ना त्याला," सोफ्यावरून भालचंद्र म्हणाला. त्याने वर्तमानपत्र खाली केलं नव्हतं. "त्याला अजून दहा घरं करायची असतील. शनिवार आहे म्हणून तू तरी घरात सापडलीस."

कंपनीचे निरोप महिनाभर भालचंद्रच्या मोबाइलवर येत होते. खातं त्याच्या नावावर होतं. डबा शनिवारी सकाळी न्यायला या, असंही त्यानेच फोनवर सांगितलं होतं. वृंदाला यातलं काही सांगावं असं त्याला वाटलं नव्हतं. हल्ली टीव्ही बघतं कोण, सगळं मोबाइलवर तर असतं, असं त्याचं म्हणणं.

"यात माझं नाटक आहे," वृंदा म्हणाली.

"बारा वर्षांपूर्वीचं. मंडळाचं. कोण बघणार आहे ते आता?"

"मी बघणार आहे."

हे तिने इतकं सरळ म्हटलं, की वर्तमानपत्र आपोआप खाली आलं.

नाटक म्हणजे एकांकिका. फरीदाबादच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात मंडळातल्या बुजुर्ग तात्यासाहेबांनी स्वतः लिहून बसवलेली. वृंदा तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होती आणि बियाणं तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत काम करायची. ते काम ती अजूनही करते. ओल्या कागदात शंभर-शंभर बिया मांडायच्या, आठ दिवसांनी कागद उलगडून मोजायच्या: उगवल्या किती, कुजल्या किती, नुसत्याच टणक राहिल्या किती. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, हा तिथला पहिला धडा. त्या नाटकाआधी ती कधी स्टेजवर चढली नव्हती आणि त्यानंतरही चढली नाही.

नायिकेचं काम करणारी बाई आयत्या वेळी बदलीवर गेली म्हणून तात्यासाहेबांनी हिला धरलं. गोष्ट साधी होती. नवऱ्याला न विचारता नोकरी धरणारी बायको भांडून घरातून निघते, स्टेशनवरून परत येते, आणि शेवटी म्हणते, "माझं चुकलं. मला क्षमा करा." नवरा म्हणतो, "चल, चहा टाक." की पडदा.

वृंदाने ते वाक्य म्हटलंच नाही. ती परत आली, उभी राहिली, आणि मग खुर्ची ओढून बसली. नवऱ्याचं काम करणारे विलासराव तोंड उघडं ठेवून तसेच उभे राहिले. कुणीतरी घाईने पडदा पाडला.

विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टिंगला भालचंद्र होता. पुढे बारा वर्षं मंडळात, लग्नकार्यात, घरी पाहुणे आले की जेवणानंतर तो हा किस्सा सांगायचा. "मी तीनदा वाक्य दिलं हिला. तीनदा! तिसऱ्यांदा तर पहिल्या रांगेला ऐकू गेलं, फक्त हिला नाही. बिल्कुल ब्लँक!" लोक खो खो हसायचे. वृंदाही हसायची. कारण खरं काय झालं ते तिलाच आठवत नव्हतं. तोंडावरचा प्रखर दिवा आठवत होता, गळ्याला टोचणारी माळ आठवत होती. आपण वाक्य विसरलो, की आपल्याला ते म्हणायचं नव्हतं? रात्री कधी जाग आली तर ती हा प्रश्न हातात घेऊन बघायची आणि परत ठेवून द्यायची.

केबलवाल्याची तेव्हा एक स्थानिक वाहिनी होती. मंडळाचा कार्यक्रम त्यांनी चित्रित केला होता आणि तो एका बुधवारी दुपारी तीन वाजता दाखवणार होते. तीन वाजता वृंदा प्रयोगशाळेत असणार होती. म्हणून हा डबा. केबलवाल्याने दोन्ही सोयी सांगितल्या: विकत घ्या, नाहीतर महिन्याच्या भाड्याने घ्या. वृंदाला विकत घ्यायचा होता. भालचंद्र म्हणाला, एका नाटकासाठी डबा विकत घेतं का कुणी? महिनाभर ठेव, बघ आणि देऊन टाक. त्याचा आयुष्याचा हिशेबच तो होता. एकतीस वर्षं सरकारी क्वार्टर, निवृत्तीनंतर भाड्याचा फ्लॅट, उन्हाळ्यात कूलरसुद्धा भाड्याचा. भाड्याच्या वस्तूत जीव अडकत नाही, असं तो म्हणायचा. महिन्याची बारा वर्षं झाली. तेवढ्या भाड्यात असे पाच डबे आले असते, पण वृंदाचं भांडण पैशाचं नव्हतंच.

घरात एकटी असली की ती ते चित्रण लावायची. पस्तिसाव्या मिनिटापर्यंत बघायची. परत येण्याचा प्रवेश सुरू झाला की बटण दाबून बंद करायची. शेवट पाहिला आणि आपण खरंच विसरलो होतो असं निघालं, तर? डबा घरात होता तोवर घाई नव्हती. आता तात्यासाहेब नव्हते, मंडळाकडची सीडी कुणी नेली ते कुणाला माहीत नव्हतं, आणि ती स्थानिक वाहिनीही केव्हाच बंद पडली होती.

"भैया," ती ओमबीरला म्हणाली, "ये डिब्बा एक घंटा चालू कर दो. फिर ले जाओ."

ओमबीरने समजावून सांगितलं. डब्यातलं सगळं कुलूपबंद असतं, त्याची किल्ली ऑफिसातून सिग्नलबरोबर येते. खातं बंद म्हणजे किल्ली बंद. त्याच्या हातात काही नाही.

"ऑफिस को फोन लगाओ."

त्याने लावला, स्पीकरवर. पलीकडचा मॅनेजर गोड बोलायला लागला आणि दोन मिनिटांत गोडवा संपवून मोकळा झाला. डबा कंपनीची मालमत्ता आहे, ग्राहक तो अडवून ठेवू शकत नाही, करारावर सही आहे.

"डिब्बा आपका है," वृंदा म्हणाली. "मैं कब मना कर रही हूँ? उसके अंदर चालीस मिनट मेरे हैं. मकान खाली करवाते हैं तो किराएदार को सामान तो निकालने देते हैं ना?"

"मॅडम, ऐसे नहीं होता. लीगल नोटिस आ जाएगा."

"भेजिए. पता लिख लीजिए." आणि तिने घरनंबर, मजला, सेक्टर, पिनकोड असा सगळा पत्ता सांगितला. पिनकोड दोनदा सांगितला, एकेक आकडा सुटा करून. मग टीव्हीमागे हात घालून तिने प्लग काढला, डबा उचलला आणि मांडीवर घेऊन खुर्चीत बसली.

"काय चाललंय हे?" भालचंद्र उठून उभा राहिला. "लोक काय म्हणतील? त्या माणसासमोर तमाशा?"

"तुम्ही बसा."

एकतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य या दिशेने कधी गेलं नव्हतं. भालचंद्र बसला. आपण बसलो याचं त्यालाच नवल वाटलं असावं, कारण तो लगेच परत उठायला गेला, पण मध्येच अडकला आणि तसाच राहिला.

ओमबीरने मिशीवरून बोट फिरवलं. त्याला डबा हवा होता, कायदा नको होता. फोन तोंडाजवळ धरून तो हलक्या आवाजात म्हणाला, "सर जी, एक रिफ्रेश मार दो. घंटे भर में अपने आप बंद हो जाएगा. नहीं तो ये डिब्बा आने से रहा. मैंने आंटीजी की शकल देख ली है."

पलीकडून मॅनेजर म्हणाला, डिब्बे का नंबर बोलो.

सहा मिनिटं लागली. डबा पुन्हा जोडला, आतली चकती घरघरली आणि यादी उघडली. ओमबीरने सुचवलं, मोबाइल समोर धरून व्हिडिओ बनवून घ्या, चित्र जरा लाटा मारेल पण येईल. वृंदाने मान हलवली. "बारा साल से रखा ही हुआ है, भैया. रखने से कुछ नहीं हुआ. देखना है."

तिने सुरुवातीपासून लावलं. ओमबीर जमिनीवर झोळीला टेकून बसला. त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण विलासराव दारावर हात आपटून बोलले की तो मान डोलवायचा. भालचंद्र आधी खिडकीबाहेर बघत होता, मग पडद्याकडे. वृंदा स्वतःकडे बघत होती. आवाज थोडा चिरका, पदर सारखा सावरण्याची सवय, पण उभं राहणं चांगलं होतं. पाय नीट रोवलेले. हे तिला आधी कधी दिसलं नव्हतं.

पस्तिसावं मिनिट आलं. तिचा अंगठा सवयीने बटणावर गेला. तिने रिमोट टीपॉयवर ठेवला आणि हात मांडीखाली घेतले.

पडद्यावरची बाई पिशवी घेऊन परत आली. उभी राहिली. विलासराव तिच्याकडे बघत राहिले.

"आंटीजी," ओमबीर म्हणाला, "ये पीछे से कौन बोल रहा है?"

संवाद कळत नसल्यामुळे त्याला नुसते आवाज ऐकू येत होते. केबलवाल्याचा कॅमेरा विंगेला खेटून उभा होता, आणि त्याच्या माइकमध्ये एक दबका, घोगरा पुरुषी आवाज अगदी जवळून भरला होता. माझं चुकलं. मला क्षमा करा.

आवाज पुन्हा आला, जरा मोठा. पडद्यावरच्या बाईचे डोळे विंगेकडे सरकले. तिने ऐकलं होतं.

"मैं," भालचंद्र म्हणाला. "मैं बोल रहा हूँ."

तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा त्यात राग होता. "अगं म्हण ना, माझं चुकलं!" आता बाईने मान पूर्ण वळवली. कॅमेरा त्याच बाजूला होता, त्यामुळे ती थेट पडद्याबाहेर, या खोलीत, सोफ्यावर बसलेल्या माणसाकडे बघत असल्यासारखी दिसली. चेहऱ्यावर गोंधळ नव्हता. घाबरलेला माणूस भराभर पापण्या मिटतो, तिच्या पापण्या स्थिर होत्या. तिने मान हलवली, डावीकडून उजवीकडे, एकदाच. मग समोर वळली, खुर्ची ओढली आणि बसली. पडदा पडला. टाळ्या तुरळक वाजल्या, मग थोड्या वाढल्या, आणि चित्रण संपलं.

"माफी क्यों माँगनी थी?" ओमबीरने विचारलं. "किया क्या था इसने?"

"नौकरी कर ली थी," भालचंद्र म्हणाला. "बिना पूछे."

"बस?"

वृंदा उठली. तिने स्वतःच्या हाताने टीव्हीमागच्या तारा सोडवल्या, डबा कोरड्या फडक्याने पुसला आणि ओमबीरच्या हातात दिला. त्याने खिशातल्या छोट्या यंत्रावर डब्याचा नंबर टिपला आणि तिच्यापुढे सहीसाठी कागद धरला. डब्यांचं पुढे काय होतं, असं तिने विचारलं. तो म्हणाला, दिल्लीत ओखल्याला गोदामात जातात, चकत्या पुसून भंगारात. तिने कागद पूर्ण वाचला आणि सही केली. पावती मागून घेतली.

जिना उतरताना झोळीतले पाच डबे एकमेकांवर आपटत होते. तो आवाज तळमजल्यापर्यंत ऐकू आला.

"मान खाली होती माझी," भालचंद्र म्हणाला. "वहीत होतो मी. तू बघतेयस हे मला दिसलं नव्हतं."

वृंदाने त्याच्याकडे पाहिलं. असेल, नसेल. त्याचं चित्रण नव्हतं.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? मी आपला सगळीकडे सांगत सुटलो."

"तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही सांगतच होतात."

ती आत गेली. कुकर लावायचा होता, भाजी चिरायची होती. गवार घेऊन ती ओट्याशी उभी राहिली. मग भालचंद्र स्वयंपाकघराच्या दारात आला. त्याच्या हातात तीन तारा होत्या, लाल, पांढरी आणि पिवळी. त्या कंपनीच्या नव्हत्या, घरच्या होत्या, म्हणून ओमबीर ठेवून गेला होता. भालचंद्रने त्या नीट गुंडाळल्या होत्या.

"वृंदा," तो म्हणाला, "यांचं काय करू?"

तिने हातातली शेंग मोडली, शीर काढली, आणि काय करावं याचा सावकाश विचार केला.