बंद खोलीतली पूजा

माधवी पाचघरेच्या कार्यालयाला बाहेर पाटी नव्हती. अमरावतीतल्या एका जुन्या सरकारी इमारतीत, वरच्या मजल्यावर ते होतं, आणि खालच्या खात्यातल्या लोकांचा समज होता की ही बाई कसलंतरी सर्वेक्षण करते. खरं काम वेगळंच होतं. वऱ्हाडातले जे खासगी कारखाने सैन्यासाठी सुटे भाग बनवतात, तिथली गुपितं बाहेर फुटू नयेत, हे बघायचं. सुट्या भागांचे नकाशे कोण हाताळतो, मोबाइल कुणाच्या खिशात आहे, गुप्त काम चालतं त्या बंद खोलीची किल्ली कुणाकडे असते. माधवी या पथकाची प्रमुख. तिची गाडी फाटकात शिरली की भलेभले मालक शर्टाची वरची गुंडी लावायचे, आणि तिला ते मनापासून आवडायचं. का आवडू नये? चांदूर बाजारच्या शाळेत मागच्या बाकावर बसणारी पोरगी होती ती.

कारखान्यातल्या लोकांना ती दरवर्षी दरडावून सांगायची, "बंद खोलीत ज्याला परवानगी आहे तोच जाईल. तुमची आई आली तरी बाहेर उभी राहील." आणि हेही सांगायची की चूक होऊ शकते, माणूस आहे, पण चूक झाली तर लगेच लेखी कळवा. कळवलंत तर ताकीद देऊन सोडू. लपवलंत तर तुमचं नाव कायमचं बाद, मग देशात कुठेच असलं काम मिळणार नाही.

आता गंमत बघा. याच बाईची सख्खी धाकटी बहीण, अपेक्षा, अकोल्याच्या अशाच एका कारखान्यातल्या माणसाला दिली होती. चंदन भुयार. तिथल्या बंद खोलीची किल्ली त्याच्याच कमरेला. लग्न ठरलं तेव्हाच माधवीनं वरिष्ठांना हे नातं कळवायला हवं होतं, नियम तिचाच. पण कळवलं असतं तर पथक दुसऱ्याकडे गेलं असतं आणि तिची रवानगी कुठेतरी लांब झाली असती. पुढच्या महिन्यात कळवू, असं म्हणत म्हणत तिनं ते टाळलं, आणि नंतर तर कळवायची सोयच उरली नाही. उशीर का केला, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

लग्नानंतर पहिल्यांदा तपासणीला गेली तेव्हा तिनं चंदनला सरळ विचारलं होतं, "आपलं नाव?" चंदननंही हसू न येऊ देता नाव सांगितलं. घरी जाऊन बायकोला म्हणाला, "तुही ताई म्हंजे पक्की बाई हाय. वयखसुद्धा नाई दाखवली." त्याला त्यात कौतुकच वाटलं. माणूसच तसा होता, सगळ्यांतलं चांगलं तेवढं उचलणारा. असल्या माणसांचं पुढे काय होतं ते आपण पाहतोच.

यंदाच्या दसऱ्याला अपेक्षा आणि चंदन सोनं द्यायला माधवीच्या राजापेठेतल्या घरी आले. अपेक्षा स्वयंपाकघरात शिरली, भजी तळायला लागली. चंदननं आपट्याची पानं माधवीच्या हातात दिली, वाकून नमस्कार केला आणि खुर्चीच्या कडेवर बसला.

"ताई, एक सांगाचं होतं. काल खंडेनवमी होती नं."

"मग?"

"आमच्या मालकाची आई, गोदाबाई. साऱ्या मशिनीची पूजा केली त्याईनं. मंग मले म्हने, त्या बंद खोलीतली मशिन काहून उपाशी ठेवता, तीही लक्ष्मीच हाय. मी नाई म्हनलो. तर म्हतारी दारातच बसली. उपास होता तिले. शेवटी मी दार उघडलं. नकाशे कपाटात होते, काही दिसलं नाई तिले. हयद-कुकू लावलं, अक्षता टाकल्या, निंघाली. पन चूक ते चूक. मी उद्या लिहून देऊ का ऑफिसात?"

इतकी सरळ गोष्ट होती. दोन ओळी लिहिल्या की ताकीद, एवढ्यावर मिटणारी. पण माधवीच्या डोळ्यांसमोर पुढचं सगळं उभं राहिलं. चंदन लिहिणार, प्रकरण वर जाणार, वरचे लोक चंदनची सगळी माहिती पुन्हा काढणार, बायकोचं माहेर कोणतं, बहीण कोण. माधवी घाबरली. घाबरलेला माणूस आवाज मोठा करतो, तिनं तो अगदी मऊ केला.

"चंदनराव, काही लिहू नका. मला सांगितलंत ना? म्हणजे ऑफिसला सांगितल्यासारखंच आहे. मी बघते."

"पक्कं नं ताई?"

"घरच्या माणसावर विश्वास नाही का?"

चंदनच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं. त्यानं भजी पोटभर खाल्ली. आपल्याकडे हे असंच असतं. साहेबाला घरी गाठून सणाच्या दिवशी सांगितलं की काम झालं, असं शिकली-सवरलेली माणसंही समजतात. कागदापेक्षा शब्द मोठा, त्यातही बायकोच्या थोरल्या बहिणीचा शब्द. चंदनची मेहुणी दुसरी कुणी असती तर त्यानं लिहून दिलं असतं आणि सुटला असता.

दिवाळीनंतर पथक अकोल्याला गेलं. माधवीनं मनाशी धरलं होतं की कुंकू केव्हाच पुसलं गेलं असेल. पण पथकात ललित नावाचा नवा अधिकारी होता, प्रत्येक गोष्ट खाली वाकून बघण्याची त्याला खोड. बंद खोलीत तो मशीनच्या खाली टॉर्च मारत बराच वेळ गुडघ्यांवर राहिला आणि उठला तेव्हा त्याच्या तळहातावर तांदळाचे दाणे होते. कुंकवात रंगलेले.

"मॅडम, इथे पूजा झालीय."

मालक स्वप्निल पांढराफटक पडला. हे काम गेलं तर कारखान्याला कुलूप, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं क्षणभरही दम खाल्ला नाही. "किल्ली भुयारकडे असते, मॅडम. माझा काही संबंध नाही. मी तर त्या दिवशी नागपूरला होतो." पूजा करणारी आपलीच आई, हे त्यानं सांगितलंच नाही.

चंदननं मात्र सगळं सांगितलं. गोदाबाई दारात कशी बसली, दार किती वेळ उघडं होतं, ती कुठवर आली. घाबरला नव्हता. मधूनमधून माधवीकडे बघत होता, आता ताई बोलेल, या भरवशानं.

ललित वहीतून मान वर करत म्हणाला, "झालं ते झालं. पण कळवलं का नाही?"

"सांगितलं होतं की, साहेब."

"कोणाला?"

खोलीत मशीनच्या तेलाचा वास होता. चंदन माधवीकडे बघत राहिला. तिनं एक शब्द बोलायचा होता. फार तर बदली झाली असती, चौकशी झाली असती, चार लोक हसले असते. चंदनची रोजीरोटी मात्र वाचली असती. हे सगळं तिला त्या घटकेला स्वच्छ कळत होतं, नंतर सुचलं असंही नाही. तिनं चष्मा नीट केला आणि तपासणीतल्या आवाजात विचारलं, "भुयार, साहेब काय विचारतायत? कोणाला सांगितलंत? नाव घ्या."

नाव घ्या म्हणाली. घेणार नाही याची खात्री होती म्हणूनच म्हणाली. हा माणूस आपल्या बायकोच्या बहिणीला चारचौघांत उघडं पाडणार नाही, हे तिनं केव्हाच ताडलं होतं, आणि त्याच्या चांगुलपणावर तिनं पाय ठेवला.

चंदनला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्याचे कान लाल झाले. कुणीतरी भर बाजारात थोबाडीत द्यावी तसा तो उभा होता.

"कोनालेच नाई, मॅडम," तो म्हणाला. "माही चूक झाली."

"लिहून द्या."

त्यानं लिहून दिलं. मशीनवरच कागद ठेवला. मी कोणालाही कळवलं नाही, खाली सही. दसऱ्याला जे लिहू दिलं नव्हतं त्याच्या अगदी उलट तिनं आता लिहून घेतलं.

परतताना गाडीत ललित चुळबुळत होता. "मॅडम, माणूस खोटा वाटत नाही. म्हातारीचा हट्ट होता. ताकीद देऊन सोडलं तर?"

"आज म्हातारी, उद्या आणखी कोणी," माधवी खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तो सांगितलं म्हणाला आणि लगेच फिरला. असल्या माणसाच्या हाती किल्ली द्यायची?"

बाईंचा करारीपणा पाहून ललितला स्वतःचीच लाज वाटली.

चंदनचं नाव बाद झालं. लेखी कबुलीच हाती असल्यानं वरच्यांना त्याची माहिती पुन्हा काढायची गरज पडली नाही. स्वप्निलनं त्याच आठवड्यात त्याला काढून टाकलं, गोदाबाईला कुणी काही विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्या कारखान्यांत चंदन गेला तर तिथले लोक चहा पाजायचे आणि नाव बघून परत पाठवायचे. शेवटी तो एका खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्याकडे वेल्डिंगला लागला. माधवीला वरून शाबासकी आली. ती वाचताना तिला थोडं कसंतरी झालं, नाही असं नाही. दुपारच्या जेवणापर्यंत ते गेलं.

संक्रांतीच्या सुमारास अपेक्षा एकटीच राजापेठेत आली. हातात कपड्यांची बॅग होती. पलंगावर बसली आणि रडायला लागली.

"ताई, तुह्या हातात काहीच नव्हतं का वं?"

माधवी तिच्याजवळ बसली. तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "वेळेवर सांगितलं असतं त्यांनी, तर मी काहीही करून वाचवलं असतं गं. लपवलं म्हणून सगळं बिघडलं."

"मीनंही तेच म्हनलं त्याईले." अपेक्षानं नाक पुसलं. "म्हनलं, घरात एवढी मोठी अधिकारी हाय, दसऱ्याले तिच्या घरी जेवून आले, तवा एक शब्द बोलाले काय झालं होतं तुमाले? रोज म्हनते मी. भांडन झालं की हेच काढते. काल तर मी माही शपथ घातली, म्हनलं आतातरी सांगा, ताईले काहून नाई सांगितलं?"

माधवीचा हात थांबला. "मग काय म्हणाले?"

"मान खाली घालून बसले. मंग म्हने, सुचलं नाई मले." अपेक्षाला पुन्हा हुंदका आला. "असा कसा वं हा मानूस? मले तर आता त्याईचं तोंड पाहाची इच्छा नाई होत. मी आली निंघून."

माधवीनं हात पुन्हा फिरवायला सुरुवात केली. आता तिला चांगला मोकळा श्वास घेता येत होता.

"बरं केलंस," ती म्हणाली. "राहा इथंच."